एकच प्रश्न चार ठिकाणी विचारून पाहिला: संशोधन शोधून देणाऱ्या मोफत सेवांचे परीक्षण

नवख्या संशोधकांना संदर्भ शोधून देणे हे माझे रोजचे काम आहे. माझ्याकडे भौतिकशास्त्राचे विद्यार्थी येतात, शिक्षणशास्त्रात पीएच.डी. करणारे शिक्षक येतात, परिचर्या आणि वैद्यकशास्त्र शिकणारेही येतात, आणि जवळजवळ प्रत्येक जण पहिल्या भेटीत एकच वाक्य बोलतो: “माझ्या विषयावर काहीच काम झालेले नाही.” शेजारी बसून थोडा वेळ शोधले की काम झालेले सापडते, बहुधा भरपूर झालेले असते, फक्त ते वेगळ्या नावाने झालेले असते. विज्ञान, शिक्षण आणि आरोग्य या क्षेत्रांतले संशोधन इतके पसरलेले आहे की एकाच गोष्टीला तीन शाखांत तीन नावे असतात आणि एका शाखेतल्या माणसाला दुसरीतले नाव ठाऊकच नसते. म्हणून गूगल स्कॉलर, पबमेड, एरिक आणि आर्काइव्ह या चार मोफत सेवांचे हे परीक्षण करताना, कोणाकडे किती नोंदी आहेत हा निकष मी दुय्यम धरला आहे. ही सेवा त्या त्या शाखेची भाषा ओळखते का, आणि समोर ठेवलेली नोंद नेमकी कोणत्या जातीची आहे हे वाचकाला सांगते का, या दोन प्रश्नांवर मी भर दिला आहे.

तपासणीसाठी एकच प्रश्न घेतला. वाचलेला मजकूर पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची चाचणी घेतल्याने तो अधिक काळ लक्षात राहतो का? हा प्रश्न मुद्दाम निवडला, कारण तो मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतला आहे, शाळेच्या वर्गातला आहे आणि निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणातलाही आहे. त्यावरचा सर्वाधिक उल्लेखला जाणारा प्रयोग हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग आठवेल ते लिहून काढले. ५ मिनिटांनंतर विचारले तेव्हा दोनदा वाचणाऱ्यांना ८१ टक्के आठवत होते आणि लिहून काढणाऱ्यांना ७५ टक्के. आठवड्याने विचारले तेव्हा हेच आकडे अनुक्रमे ४२ आणि ५६ झाले होते. म्हणजे लगेच पाहिले तर पुनर्वाचन सरस वाटते आणि आठवड्याने पाहिले तर चित्र उलटते. याच परिणामाला मानसशास्त्रज्ञ ‘टेस्टिंग इफेक्ट’ म्हणतात, शिक्षक ‘रिट्रीव्हल प्रॅक्टिस’ म्हणतात आणि वैद्यकीय शिक्षणाच्या नियतकालिकांत तो ‘टेस्ट एनहान्स्ड लर्निंग’ या नावानेही येतो. ही तीन नावे जाणणाऱ्याला साहित्य भरभरून मिळते. एकच जाणणाऱ्याला त्यातला एक तुकडा मिळतो आणि तोच संपूर्ण आहे असे वाटते.

सुरुवात गूगल स्कॉलरपासून केली, कारण बहुतेक सगळे तिथूनच करतात. नोव्हेंबर २००४ मध्ये अनुराग आचार्य आणि अ‍ॅलेक्स व्हर्स्टाक या अभियंत्यांनी ती सुरू केली. तिचे मोठे बळ असे की ती निबंधाच्या शीर्षकाबरोबर आणि सारांशाबरोबर मिळेल तिथे पूर्ण मजकूरही वाचते, त्यामुळे एखादी संज्ञा निबंधाच्या पोटात कुठेतरी आली असली तरी तो निबंध हाती लागतो. विद्याशाखांच्या भिंती तिथे नाहीत. ‘टेस्टिंग इफेक्ट’ टाकले की मानसशास्त्र, भाषाशिक्षण, शस्त्रक्रियेचे प्रशिक्षण आणि संगणकशास्त्र एकाच यादीत येतात, आणि नवी नावे कळण्यासाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही. रोडिगर आणि कार्पिक यांच्या निबंधाखालच्या ‘साइटेड बाय’वर टिचकी मारली, त्या निबंधाला उद्धृत करणाऱ्या निबंधांतच शोधण्याची खूण केली आणि ‘रेसिडेंट्स’ हा एक शब्द टाकला. त्यातून डग्लस लार्सन, अँड्र्यू बटलर आणि रोडिगर यांचा २००९ सालचा निबंध समोर आला. निवासी डॉक्टरांना शिकवल्यानंतर काही विषयांत त्यांनी पुन्हा पुन्हा चाचणी दिली आणि काहींत पुन्हा पुन्हा अभ्यास केला. ६ महिन्यांहून अधिक काळाने घेतलेल्या अंतिम परीक्षेत चाचणीच्या विषयांत सरासरी ३९ टक्के आणि अभ्यासाच्या विषयांत २६ टक्के गुण पडले. प्रयोगशाळेतल्या एका आठवड्यापासून रुग्णालयातल्या अर्ध्या वर्षापर्यंतचा हा प्रवास तीन टिचक्यांत झाला. उद्धरणांच्या धाग्याने मागून पुढे जाण्याची ही पद्धत यूजीन गारफिल्ड यांनी १९६० च्या दशकात छापील सायन्स सायटेशन इंडेक्समधून रूढ केली. ती आज कोणालाही, कोणत्याही वर्गणीशिवाय उपलब्ध आहे, याचे मोल मला फार वाटते.

पण हीच सेवा ‘समोरची नोंद कोणत्या जातीची’ या कसोटीला उतरत नाही. तज्ज्ञ परीक्षणातून गेलेला निबंध, पदव्युत्तर प्रबंध, परिषदेतले टिपण आणि कुठल्यातरी संकेतस्थळावर ठेवलेली पीडीएफ प्रत या सगळ्यांचा चेहरामोहरा यादीत एकसारखाच असतो. केवळ परीक्षित निबंध दाखवा असे सांगण्याची सोय नाही. आकडा लाखांत दिसला तरी पाहता येतात ते पहिले १००० निकाल. क्रम लावताना उद्धरणांच्या संख्येला वजन मिळत असल्याने जुना, नावाजलेला निबंध वर राहतो आणि त्याला छेद देणारा नवा निबंध खालच्या पानांवर जातो. कोणती नियतकालिके समाविष्ट आहेत याची संपूर्ण यादीही जाहीर केलेली नाही, त्यामुळे “मी सगळे शोधले” असे प्रबंधात लिहायचे असेल तर या एकाच सेवेच्या बळावर ते लिहू नये, असे मी प्रत्येकाला सांगते.

पबमेड ही या चौघांतली सर्वांत शिस्तशीर सेवा आहे आणि मी तिला मनापासून मानते. अमेरिकेचे राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालय ती चालवते. तिची मुळे जॉन शॉ बिलिंग्ज यांनी १८७९ मध्ये सुरू केलेल्या ‘इंडेक्स मेडिकस’ या छापील सूचीपर्यंत जातात. १९९६ मध्ये पबमेड सुरू झाली आणि १९९७ पासून ती सर्वांना खुली आहे. आज तीत ३ कोटी ७० लाखांहून अधिक नोंदी आहेत. हा आकडा प्रभावी आहेच, पण तिचे खरे वैभव १९६० पासून वाढत आलेल्या ‘मेश’ या विषयशीर्षकांच्या कोशात आहे. त्यात सुमारे ३०,००० शीर्षके झाडाच्या फांद्यांसारखी एकाखाली एक रचलेली आहेत. वाचकाने ‘हार्ट अटॅक’ असे घरगुती शब्द टाकले तरी सेवा ते ‘मायोकार्डियल इन्फार्क्शन’ या शीर्षकाशी जोडून घेते, आणि ज्या निबंधात ‘हार्ट अटॅक’ हे शब्द एकदाही आलेले नाहीत तेही समोर ठेवते. शाखेची भाषा ओळखणे म्हणजे काय, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरीकडे सापडत नाही.

इथे एक चूक फार जण करतात, ती सविस्तर सांगते. अचूकपणा वाढेल या समजुतीने लोक शब्दांभोवती अवतरणचिन्हे घालतात. पबमेडमध्ये अवतरणचिन्हे घातली की शीर्षकांशी जोडून घेण्याची ही आपोआपची क्रिया बंद पडते आणि फक्त तेच शब्द त्याच क्रमाने असलेल्या नोंदी येतात. शोध चालवल्यावर ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ पानावर जाऊन शोधाच्या इतिहासातला ‘डिटेल्स’ हा भाग उघडून पाहावा. आपण टाकलेल्या दोन शब्दांचे सेवेने काय केले, कोणते शीर्षक जोडले, कुठे ‘किंवा’ घातला आणि कुठे ‘आणि’, हे तिथे अक्षरशः लिहिलेले असते. माझ्या अनुभवात तो चार ओळींचा मजकूर वाचायला शिकलेला विद्यार्थी पुन्हा कधी “काहीच सापडत नाही” म्हणत नाही. चाचणी आणि स्मरणाच्या आमच्या प्रश्नासाठी ‘एज्युकेशनल मेजरमेंट’ आणि ‘इंटर्नशिप अँड रेसिडेन्सी’ ही शीर्षके एकत्र लावली, मग ‘रँडमाइझ्ड कंट्रोल्ड ट्रायल’ (चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडून केलेला प्रयोग) या प्रकाराची गाळणी लावली, आणि यादी एका बैठकीत वाचून होण्याइतकी आटोक्यात आली. ही गाळणी म्हणजे नोंदीची जात सांगण्याची सोय. निबंध म्हणजे प्रयोग आहे, पूर्वीच्या प्रयोगांचा पद्धतशीर आढावा आहे, की संपादकाला लिहिलेले पत्र आहे, हे तिथे नोंदीवरच लिहिलेले असते.

मर्यादाही आहेत. शीर्षके लावण्याचे काम २०२२ पासून प्रामुख्याने यंत्राकडे गेले आहे, त्यामुळे नव्या नोंदी लवकर तयार होतात, मात्र सगळ्याच नोंदींना शीर्षके मिळत नाहीत. म्हणून केवळ शीर्षकांवर विसंबलेला शोध अपुरा राहतो आणि साधे शब्द सोबत टाकावेच लागतात. शिवाय पबमेडमध्ये मुळात नोंद आणि सारांश असतो. पूर्ण निबंध २००० पासून चालू असलेल्या पबमेड सेंट्रल या भावंड संग्रहात असेल तर मोफत मिळतो, नसेल तर वाचक प्रकाशकाच्या दारात जाऊन थांबतो. आणि शाळेतल्या मुलांच्या शिक्षणाविषयीचे साहित्य इथे तुरळकच आहे. तो दोष नव्हे, तो या सेवेचा विषयच नाही.

मागे घेतलेल्या निबंधांबद्दल थोडे थांबून लिहायला हवे. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीला मी एका शोधसेवेवरून मिळालेला निबंध दिला, तिने प्रबंधाचे एक प्रकरण त्याच्या आधारावर उभे केले, आणि तो निबंध प्रकाशकाने आधीच मागे घेतला होता हे आम्हाला परीक्षकाच्या शेऱ्यातून कळले. यादीत तशी कोणतीही खूण नव्हती, पण खूण नसेल तर स्वतः तपासावे हे माझे काम होते आणि ते माझ्याकडून राहिले. तिला ते प्रकरण पुन्हा लिहावे लागले. तेव्हापासून कोणत्याही सेवेकडे मी या नजरेनेही पाहते. पबमेडमध्ये मागे घेतलेल्या निबंधाच्या डोक्यावर ठळक इशारा असतो आणि मागे घेतल्याच्या निवेदनाचा दुवाही असतो. हे किती आवश्यक आहे याची दोन उदाहरणे सर्वज्ञात आहेत. लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, म्हणजे मधली १२ वर्षे तो संदर्भ म्हणून वावरत राहिला. कोविडवर हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या औषधाच्या वापराविषयीचा, सर्जिस्फिअर या कंपनीच्या माहितीवर आधारलेला निबंध त्याच नियतकालिकात मे २०२० मध्ये आला आणि दोन आठवड्यांच्या आत मागे घेतला गेला. पण ज्यांनी तो त्या दोन आठवड्यांत उतरवून घेतला त्यांच्या संगणकावरच्या प्रतीत ती दुरुस्ती आपोआप पोहोचत नाही. रिट्रॅक्शन वॉचची अशा निबंधांची सूची २०२३ मध्ये क्रॉसरेफ या संस्थेने घेऊन सर्वांसाठी खुली केली. संदर्भसूची अंतिम करण्याआधी तीतून एकदा फिरावे, हा माझा आग्रह असतो.

शिक्षणाच्या बाजूला एरिक आहे. १९६० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या शिक्षण खात्याने ती सुरू केली आणि तीत सुमारे २० लाख नोंदी आहेत. दिसायला साधी, जवळजवळ रूक्ष अशी ही सेवा आहे, आणि तिच्याकडे दुर्लक्ष होते ते मला बरोबर वाटत नाही. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो; तो ‘ईजे’ने सुरू झाला तर नियतकालिकातला लेख, ‘ईडी’ने सुरू झाला तर अहवाल, परिषदेतला निबंध, अभ्यासक्रमाची पुस्तिका असे इतर साहित्य. हा दुसरा प्रकार फार मोलाचा आहे, कारण शिक्षणातले कितीतरी महत्त्वाचे काम नियतकालिकांत येण्याआधी सरकारी अहवालांतच असते. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टार’ प्रकल्पात ७९ शाळांतल्या ११,००० हून अधिक मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लहान आणि नेहमीच्या आकाराच्या वर्गांत वाटले गेले होते. लहान वर्गात १३ ते १७ मुले, नेहमीच्या वर्गात २२ ते २५. वर्गातली मुले कमी केली तर शिकणे सुधारते का, या प्रश्नावर इतक्या मोठ्या प्रमाणावर केलेले प्रयोग शिक्षणात मोजकेच आहेत, आणि त्याचा तांत्रिक अहवाल एरिकमध्ये ‘ईडी’ नोंद म्हणून आहे. ज्याने केवळ नियतकालिके चाळली त्याला प्रयोगावरची चर्चा मिळेल, मूळ तपशील मिळणार नाहीत.

एरिकचा स्वतःचा परिभाषाकोशही आहे, मेशपेक्षा खूप लहान पण शिक्षकाच्या डोक्याने बनवलेला. त्यात इयत्तेचा स्तर, वाचकवर्ग आणि प्रकाशनाचा प्रकार यांनुसार यादी गाळता येते. प्रकाराच्या गाळणीत ‘संशोधन अहवाल’, ‘वर्णनपर अहवाल’, ‘मतप्रदर्शन’ आणि ‘शिक्षकांसाठी मार्गदर्शिका’ हे वेगवेगळे धरलेले आहेत, आणि शिक्षणशास्त्रात ही विभागणी सोन्यासारखी आहे. या क्षेत्रात कळकळीने लिहिलेले मत आणि मोजून काढलेला निष्कर्ष बहुधा एकाच भाषेत लिहिलेले असतात. आमच्या प्रश्नावर ‘रिट्रीव्हल प्रॅक्टिस’ टाकून ‘संशोधन अहवाल’ आणि ‘परीक्षित’ एवढ्या दोन खुणा केल्या तेव्हा वर्गात प्रत्यक्ष घेतलेल्या प्रयोगांची यादी वेगळी झाली, आणि ‘चाचण्या घ्या’ असे सांगणाऱ्या लेखांची गर्दी बाजूला गेली. शोधाची तांत्रिक हुशारी मात्र एरिकमध्ये कमी आहे. टाकलेला शब्द चुकला तर ती सावरून घेत नाही आणि समानार्थी शब्द स्वतःहून सुचवण्यातही ती पबमेडच्या मागे आहे. कोश आधी उघडून योग्य शब्द तिथून उचलायची सवय लावून घेतली तरच ती प्रसन्न होते.

आर्काइव्हकडे मी फारशी आशा न ठेवता गेले. पॉल गिन्स्पार्ग यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये लॉस अलामॉस इथे सुरू केलेला आणि २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात गेलेला हा संग्रह भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र यांचा. तज्ज्ञ परीक्षणाआधीचे निबंध लेखक स्वतः तिथे ठेवतात. ‘रिट्रीव्हल’ हा शब्द टाकल्यावर आलेली यादी पाहून क्षणभर वाटले की सेवेत बिघाड आहे, कारण सगळे निबंध यंत्राने माहिती शोधून काढण्याविषयीचे होते. त्या शाखेत या शब्दाचा अर्थच तो आहे. मग ‘नॉलेज ट्रेसिंग’ ही संज्ञा टाकली आणि २०१५ चा ‘डीप नॉलेज ट्रेसिंग’ हा निबंध आणि त्यामागोमाग आलेले काम उघडले. विद्यार्थ्याने आतापर्यंत दिलेल्या उत्तरांवरून त्याला पुढचा प्रश्न सुटेल का, हे गणिताने ओळखण्याचा तो प्रयत्न आहे. शिक्षकाने वर्गात घेतलेली चाचणी इथे संगणकाचे इंधन झालेली असते. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांपैकी कोणालाही मी हे साहित्य वाचताना पाहिले नव्हते आणि मलाही ते उशिरा कळले; या परीक्षणातला माझा सगळ्यात मोठा लाभ तोच.

परीक्षण झालेले नाही म्हणून आर्काइव्हला कमी लेखणारे लोक भेटतात. ग्रिगोरी पेरेलमन यांनी प्वांकारे अनुमान या गणितातल्या प्रसिद्ध कूटप्रश्नाची सिद्धता नोव्हेंबर २००२ पासून तीन निबंधांत तिथेच ठेवली, ती कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवली नाही, आणि जगभरच्या गणितज्ञांनी ती तिथूनच तपासली. गणितात हे चालते, कारण सिद्धता कागदावर पूर्ण असते आणि जाणकार वाचक ती ओळीगणिक तपासू शकतो. औषधाच्या चाचणीत मूळ रुग्णांची माहिती वाचकाच्या हाती नसते, त्यामुळे तोच मोकळेपणा आरोग्यक्षेत्रात जपून वापरावा लागतो. २०१९ मध्ये सुरू झालेल्या मेडआर्काइव्ह या आरोग्यविषयक निबंधांच्या तशाच संग्रहावर, हे निबंध उपचाराचा आधार म्हणून वापरू नयेत अशी सूचना ठळकपणे दिलेली असते ती याचसाठी. आर्काइव्हचा एक गुण मात्र इतर तिघांनी घ्यावा असा आहे. निबंधाची प्रत्येक आवृत्ती तिथे क्रमांकाने जपलेली असते, आणि लेखकाने काय बदलले हे वाचकाला दोन प्रती शेजारी ठेवून पाहता येते.

आरोग्यक्षेत्रात या सगळ्यांच्या वर आणखी एक थर आहे, तो म्हणजे १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कॉक्रेन या संस्थेचे पद्धतशीर आढावे. तिच्या बोधचिन्हातल्या आडव्या रेघा अकाली प्रसूतीआधी मातेला दिलेल्या स्टेरॉइडच्या चाचण्या दाखवतात. पहिली चाचणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली होती, पण सगळ्या चाचण्या एकत्र करून पाहणारा आढावा १९८९ पर्यंत आला नाही, आणि तोवर बहुतेक प्रसूतितज्ज्ञांना या उपचाराचे बळ उमगले नव्हते. शिक्षण आणि समाजविज्ञानात कॅम्पबेल कोलॅबोरेशन २००० पासून असेच काम करते. प्रश्नावर असा आढावा असेल तर तो आधी वाचावा.

माझा स्वतःचा क्रम आता ठरलेला आहे. गूगल स्कॉलरवर अर्धा तास फक्त नावे गोळा करायची, ती कागदावर लिहायची, आणि मग विषयानुसार पबमेडच्या किंवा एरिकच्या कोशात त्या नावांची अधिकृत शीर्षके शोधायची. घाई असेल त्या दिवशी मी हा कागद वगळते आणि दर वेळी पस्तावते.

एक उणीव चारही ठिकाणी जाणवते, ती भाषेची. पबमेडमध्ये इंग्रजीखेरीज इतर भाषांतल्या निबंधाचे शीर्षक इंग्रजीत भाषांतर करून चौकटी कंसात ठेवतात. नोंद असते, कधी सारांशही असतो, आणि मूळ मजकूर ज्या भाषेत आहे ती भाषा न येणारा वाचक तो कंस पाहून पुढे सरकतो. मी तसे करत नाही. आमच्या प्रश्नावरच्या शोधातही अशा काही नोंदी होत्या. त्यांपैकी एकीच्या लेखकांना नोंदीतल्या पत्त्यावर पत्र लिहून मूळ चाचणीचे तक्ते मागवले आहेत, कारण आकड्यांचे तक्ते कोणत्याही भाषेत वाचता येतात.